मोठ्या स्कॅनरवर पांढुरकी रेघ, तुटणाऱ्या रेषा आणि लांबीतील फरक: सेन्सर खरोखर बदलावा लागेल का?

प्रश्न: केंद्रचालक, चिपळूण

नमस्कार.

चिपळूणमध्ये माझे नकाशे छापण्याचे आणि स्कॅन करून देण्याचे केंद्र आहे. स्कॅनर ३६ इंची, सीआयएस सेन्सरचा (म्हणजे काचेला अगदी लागून बसवलेल्या, प्रतिमा वाचणाऱ्या पट्टीचा), कागद समोरून आत घेऊन मागे सोडणारा आहे. त्याला सहा वर्षे झाली. वास्तुविशारदांची ए-झीरो ड्रॉइंग, कालव्यांचे जुने अमोनिया प्रिंट (अमोनियाच्या वाफेने उमटवलेल्या नकला) आणि लोकांनी घरात जपून ठेवलेल्या, कापडावर चिकटवलेल्या गाव नकाशांच्या नकला असे मिश्र काम त्यावर होते. मे महिन्याच्या अखेरीस पावसाची झड येऊ नये म्हणून यंत्र खिडकीजवळून आतल्या बाजूला हलवले. त्यानंतर जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून पुढील अडचणी एकापाठोपाठ एक सुरू झाल्या. ज्या क्रमाने त्या दिसल्या त्याच क्रमाने लिहितो.

पहिल्या दिवशी प्रत्येक प्रतिमेत डाव्या कडेपासून सुमारे ३१ सेंटीमीटरवर, वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ येऊ लागली. काम तातडीचे होते, म्हणून मी लगेच कॅलिब्रेशन (पांढरी शीट वाचवून यंत्राची पातळी जुळवणे) केले आणि रेघ गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सवडीने काच पुसली, तर त्याच जागी आता पांढुरकी रेघ उमटू लागली. त्यानंतर काच तीन वेळा पुसली, तरी ती रेघ तशीच आहे.

पुढे असे लक्षात आले की आडव्या आणि तिरप्या रेषा ठरावीक जागी केसभर वर-खाली सरकतात, जणू कागद तिथे कापून पुन्हा जोडला आहे. उभ्या रेषा मात्र सरळ येतात.

तिसरी अडचण मला सर्वांत जास्त छळते आहे, कारण ती माझ्या नव्हे तर ग्राहकाच्या लक्षात आली. मोजणीचे काम करणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितले की ज्या ड्रॉइंगवर १००० मिलीमीटर लांबी आहे, ती स्कॅनमध्ये १००४ मिलीमीटर भरते. रुंदी मात्र बरोबर आहे. पावसाळ्यात कागद फुगतो हे मला ठाऊक आहे, पण एकाच दिशेने एवढा फुगेल का?

याशिवाय, लांब कागद घेताना यंत्र अधूनमधून थबकते, आणि जिथे थबकते तिथे आडवा पट्टा उमटतो.

वार्षिक देखभालीचा करार संपला आहे. विक्रेत्याच्या माणसाने यंत्र न पाहता, दूरध्वनीवरूनच, सेन्सरचा संपूर्ण संच बदलावा लागेल असे सांगितले. तो खर्च माझ्या केंद्राच्या अनेक महिन्यांच्या कमाईइतका आहे. तो करण्यापूर्वी मी स्वतः काय काय तपासून पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १: सेवा तंत्रज्ञ, पुणे

नमस्कार. आपण घडले तसे, क्रमाने लिहिले, त्यामुळे निदानाचे निम्मे काम झाले. मी गेली अठरा वर्षे मोठ्या आकाराचे स्कॅनर आणि प्लॉटर दुरुस्त करतो. आपल्या वर्णनावरून सेन्सर बदलण्याची वेळ आली आहे असे मला वाटत नाही. निदान आज तरी तो खर्च करू नका.

प्रथम रेघेविषयी. काचेवर किंवा काचेसमोरच्या पांढऱ्या पट्टीवर एखादा कण बसला, की सेन्सरच्या तेवढ्याच बिंदूंना कमी प्रकाश मिळतो. कागद सरकत राहतो, कण मात्र जागचा हलत नाही, म्हणून त्या एका ठिपक्याची संपूर्ण प्रतिमाभर उभी रेघ होते. येथपर्यंत सर्वांना माहीत असते. आता कॅलिब्रेशनमध्ये काय होते ते पाहा. यंत्र पांढरे पृष्ठ वाचते आणि जो बिंदू काळसर वाचतो त्याच्या उजळपणाची मात्रा वाढवून त्याला इतरांच्या पातळीवर आणते. आपण कण तिथे असतानाच कॅलिब्रेशन केले, त्यामुळे यंत्राने त्या बिंदूंची मात्रा वाढवून ठेवली आणि रेघ नाहीशी झाली असे आपल्याला दिसले. दुसऱ्या दिवशी आपण कण पुसला. अडथळा गेला, पण वाढवलेली मात्रा यंत्राच्या स्मृतीत तशीच राहिली, म्हणून तेच बिंदू आता प्रमाणाबाहेर उजळ वाचतात आणि पांढुरकी रेघ येते. डाग काचेवर नाहीच, तो कॅलिब्रेशनमध्ये आहे. काच कितीही वेळा पुसली तरी तो जाणार नाही. आधी स्वच्छता आणि मगच कॅलिब्रेशन, हा क्रम उलटला की असे होते, आणि माझ्या पाहण्यात हे वरचेवर येते.

आता करावयाचे काम. यंत्र बंद करून विजेची पिन काढा आणि झाकण पूर्ण उघडा. धागे न सुटणारे मऊ कापड डिस्टिल्ड वॉटरमध्ये किंचित ओले करून घट्ट पिळा आणि काच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दिशेने पुसा. द्रव काचेवर थेट फवारू नका, कारण तो कडेच्या फटीतून खाली उतरतो आणि सेन्सरवर सुकतो. ॲसिटोन, थिनर, घरातील भांडी घासण्याची पावडर किंवा ब्लेड यांपैकी काहीही काचेला लावू नका. चिकटपट्टीचा गोंद किंवा वाळलेला कण निघत नसेल, तर ओले कापड त्यावर दोन-तीन मिनिटे ठेवून तो मऊ होऊ द्या आणि मग पुसा. त्यानंतर कोरड्या कापडाने काच पुसून खोलीतील दिवा मालवा आणि टॉर्च काचेच्या पातळीला समांतर, अगदी आडवी धरून पाहा. वरून स्वच्छ दिसणारी काच या उजेडात खरी कशी आहे ते दाखवते. समोरची पांढरी पट्टीही तशीच तपासा. बहुतेक लोक काच पुसून थांबतात, आणि कण नेमका पट्टीवर असतो.

मग कॅलिब्रेशन शीट हातात घ्या. तिच्यावर सुरकुती, बोटांचे ठसे किंवा पिवळेपणा आहे का ते पाहा. ती नेहमी कडांनी धरावी, तिच्या नळीत ठेवावी आणि उन्हात कधीही ठेवू नये. जी शीट खराब झाली आहे तिच्यावर केलेले कॅलिब्रेशन म्हणजे चुकीच्या मापाने केलेले माप. यंत्र किमान तासभर चालू राहू द्या, म्हणजे आतील तापमान स्थिर होते, आणि मगच कॅलिब्रेशन करा. एवढे करून रेघ राहिली, तर कण काचेच्या खालच्या बाजूला आहे असे समजा आणि काच स्वतः उघडण्यापूर्वी येथे लिहा.

आता आपली दुसरी आणि तिसरी अडचण. माझ्या मते त्या दोन नाहीत, एकच आहे.

या प्रकारच्या स्कॅनरमध्ये ३६ इंच रुंदीचा एकच अखंड सेन्सर नसतो. लहान लहान सेन्सर दोन रांगांत, एक पुढे आणि एक मागे, अशा पद्धतीने बसवलेले असतात आणि त्यांची टोके एकमेकांवर थोडी चढलेली असतात. कागदावरील एखादी आडवी रेषा पुढच्या रांगेखाली आधी येते आणि मागच्या रांगेखाली नंतर. यंत्राला हे अंतर ठाऊक असते आणि कागद ठरल्या वेगाने सरकतो असे धरून ते दोन्ही तुकडे जुळवते. समजा, दोन रांगांत २० मिलीमीटरचे अंतर आहे आणि कागद ०.४ टक्के मागे पडतो आहे. मग जोडावर ०.०८ मिलीमीटरचा फरक पडेल. ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० बिंदू) हा साधारण एक पिक्सेल होतो, म्हणजेच आपण लिहिलेला केसभर. आणि ०.४ टक्के म्हणजे १००० मिलीमीटरला ४ मिलीमीटर, जे आपल्या ग्राहकाने मोजले. रुंदी बरोबर येते, कारण ती सेन्सरच्या बिंदूंवरून ठरते. लांबी मात्र सर्वस्वी रोलरवर अवलंबून असते.

कागद मागे पडतो असे मी म्हणतो, त्याचेही कारण सांगतो. रोलर निसटत असेल तर मोटर ठरल्याप्रमाणे फिरते, पण कागद तेवढा पुढे जात नाही. त्यामुळे कागदाच्या त्याच भागावरून जास्त ओळी वाचल्या जातात आणि प्रतिमा लांबते. उलट, बाहेर पडणारा कागद कोणी हाताने ओढला तर प्रतिमा आखूड होते. आपली प्रतिमा लांबली आहे, म्हणून रोलरची पकड कमी झाली आहे किंवा कागदाला कुठेतरी अडथळा होतो आहे. रंगीत स्कॅनमध्ये काळ्या आडव्या रेषांच्या कडेला लाल किंवा निळी झाक दिसते का, तेही पाहा. सीआयएस यंत्रात लाल, हिरवा आणि निळा दिवा एकामागून एक लागतो, त्यामुळे कागद अडखळत सरकला की ती झाक येऊ शकते आणि निदानाला दुजोरा मिळतो.

रोलर पाहताना घाई करू नका. झाकण उघडून रोलर हाताने सावकाश फिरवा. चांगला रबर मऊसर आणि मंद दिसतो. ज्यावर कागदाची भुकटी आणि अमोनिया प्रिंटची रसायने बसली आहेत तो चकाकतो, आणि बोट फिरवल्यास गुळगुळीत लागतो. पाण्यात पिळलेल्या कापडाने प्रत्येक रोलर पूर्ण फेरा होईपर्यंत पुसा. कापड काळे येणे थांबत नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी थोडे वापरा, रबर भिजवू नका, आणि पंधरा-वीस मिनिटे वाळू द्या. वरचे दाबाचे रोलर विसरू नका.

एक महत्त्वाची सूचना. देखभालीच्या मेनूमध्ये लांबीची टक्केवारी कमी-जास्त करण्याची सोय असते. तिला आत्ता हात लावू नका. रोलर निसटत असताना तो आकडा बदलणे म्हणजे दुखणे तसेच ठेवून वेदनाशामक गोळी घेणे होय. आधी यांत्रिक दोष काढा आणि जो थोडा, सारखा फरक उरेल तोच तिथे दुरुस्त करा.

प्रतिसाद २: अभिलेखागारातील कर्मचारी, कोल्हापूर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. कापडी नकाशांबाबत थोडे लिहितो, कारण आपल्या पहिल्या काळ्या रेघेचे मूळ तिथेच असावे असा माझा अंदाज आहे.

जुने नकाशे कापडावर बहुधा खळीने चिकटवलेले असतात. कोकणातील पावसाळी हवेत ती खळ ओलावा धरते, मऊ होते आणि कडेने सुटू लागते. असा नकाशा दोन रोलरांमधून दाबला गेला की खळीचे कण आणि कापडाचे धागे आतच राहतात. म्हणून कापडी नकाशा यंत्राजवळ नेण्यापूर्वी तो स्वच्छ टेबलावर पसरून, मऊ रुंद ब्रशने मधून कडेकडे, दोन्ही बाजूंनी झाडावा. टाचण्या, स्टेपलच्या पिना आणि जुनी चिकटपट्टी बोटाने चाचपून शोधावी, डोळ्यावर विसंबू नये. एक पिन काचेवर कायमचा ओरखडा पाडते, आणि तो ओरखडा पुसून जात नाही, काचच बदलावी लागते.

ज्याची कड फाटलेली आहे असा कागद पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून द्यावा, बंद बाजू पुढे ठेवून. पाकिटालाही ओरखडे पडतात आणि ते प्रतिमेत उमटतात, म्हणून पाकीट वेळोवेळी बदलावे. मात्र ज्या नकाशाचा रंग पापुद्र्यांनी सुटतो आहे किंवा जो घडीवर तुकडे होऊन कापडाच्या धाग्यांवर तरला आहे, तो ओढून घेणाऱ्या स्कॅनरला देऊच नये, पाकिटातूनही नाही. तो सपाट ठेवून वरून कॅमेऱ्याने टिपावा. ग्राहक कितीही आग्रह करो, घरातली ती एकमेव प्रत असते, आणि ती आपल्या यंत्रात फाटली तर भरपाई करण्याचा कोणताही मार्ग नाही.

आणखी एक. सीआयएस सेन्सर काचेच्या अगदी जवळ केंद्रित असतो, त्यामुळे घडीचा उंचवटा काचेपासून जरासा उचलला गेला तरी तेवढा भाग धूसर येतो. आमच्याकडे सीसीडी कॅमेऱ्यांचे (आरसे आणि भिंगांतून दुरून प्रतिमा टिपणारे) यंत्र आहे, ते घड्या अधिक सहन करते. पण त्याच्या आतील आरशांवर आणि भिंगांवर दमट हवेत बुरशी धरण्याची भीती असते. म्हणून आम्ही पावसाळ्यात खोलीत आर्द्रतामापक ठेवतो आणि नकाशे आदल्या संध्याकाळीच त्या खोलीत आणून उघडे ठेवतो. बाहेरून ओलावा घेऊन आलेला कागद लगेच स्कॅन करत नाही.

प्रतिसाद ३: जीआयएस (संगणकीय नकाशा) प्रणालीवर काम करणाऱ्या, नागपूर

आपण विचारले आहे की कागद एकाच दिशेने एवढा फुगेल का. कागद खरोखरच दोन दिशांना वेगवेगळा फुगतो, तंतूंच्या आडव्या दिशेला अधिक. म्हणून दोष कागदाचा की यंत्राचा हे तर्काने ठरवू नका, सोपी चाचणी करा. ज्याच्या दोन्ही बाजू ३६ इंचांत मावतात असे एखादे लहान ड्रॉइंग एकदा नेहमीसारखे आणि एकदा ९० अंशांत वळवून स्कॅन करा. वाढ कागदाच्या त्याच बाजूला राहिली, तर ती कागदाची आहे. वाढ दर वेळी ओढण्याच्या दिशेलाच आली, तर ती यंत्राची आहे. याहून खात्री हवी असल्यास पॉलिएस्टर फिल्मवर १०० मिलीमीटरचे दहा चौकोन एका ओळीत छापून घ्या आणि ती फिल्म चाचणीसाठी कायम जपून ठेवा, कारण फिल्म हवेच्या ओलाव्याने कागदासारखी बदलत नाही. आपला प्लॉटरही थोडा चुकत असेल, म्हणून छापलेले चौकोन पोलादी पट्टीने मोजून त्यांची खरी मापे फिल्मच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पोलादी पट्टी मात्र चुकूनही स्कॅनरमध्ये घालू नका.

हा फरक किती गंभीर आहे, तेही सांगावेसे वाटते. ज्या गाव नकाशावर १ इंच म्हणजे ६६० फूट, म्हणजेच १:७९२० असे प्रमाण आहे, त्यावर १ मिलीमीटर म्हणजे जमिनीवर ७.९२ मीटर. गुंठ्याची एक बाजू ३३ फूट, म्हणजे त्या नकाशावर जेमतेम सव्वा मिलीमीटर. मीटरभर लांबीच्या नकाशावर ४ मिलीमीटरची चूक झाली, तर जमिनीवर ती ३१ मीटरांहून अधिक होते. हद्दीची अधिकृत मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाच्या मूळ नोंदींवरूनच होते हे खरे. पण लोक स्कॅन केलेली प्रत संगणकावर उघडतात, तिच्यावर मापे टाकतात आणि शेजाऱ्याशी बोलायला जातात. रेघ डोळ्यांना दिसते आणि ग्राहक ती परत आणतो. लांबीची चूक दिसत नाही, म्हणून ती मला अधिक भयंकर वाटते.

थबकण्याविषयी. ए-झीरो कागद ८४१ × ११८९ मिलीमीटर असतो. ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केल्यास त्याचे न दाबलेले आकारमान सुमारे ४१८ एमबी होते, ४०० डीपीआयला ७४० एमबींच्या पुढे आणि ६०० डीपीआयला जवळपास १.७ जीबी. संगणक एवढी माहिती वेळेत उचलू शकला नाही, की स्कॅनरची स्मृती भरते, यंत्र थांबते आणि पुन्हा सुरू होते; त्या जागी पट्टा येतो. फाइल नेटवर्कवरील फोल्डरमध्ये थेट न साठवता आधी संगणकाच्या स्वतःच्या एसएसडीवर साठवा, यूएसबीची वायर ५ मीटरपेक्षा लांब असू देऊ नका आणि मध्ये हब लावू नका. काळ्या-पांढऱ्या अमोनिया प्रिंटला ६०० डीपीआय रंगीत लागत नाही, ४०० डीपीआय ग्रेस्केल (फक्त करड्या छटा) पुरते. कालव्याच्या लांब पट्टी-नकाशांसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवा: जेपेग प्रकारात कोणतीही बाजू ६५,५३५ पिक्सेलपेक्षा मोठी असू शकत नाही, म्हणजे ६०० डीपीआयला सुमारे २.७७ मीटर. त्याहून लांब कागद टीफमध्येच साठवावा लागतो.

पुन्हा प्रश्नकर्ता: आठ दिवसांनी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व केले आणि जे मिळाले ते लिहितो.

आडव्या टॉर्चच्या उजेडात काच निर्मळ दिसली. पांढऱ्या पट्टीवर मात्र तांदळाच्या कणीएवढा पिवळट, कडक कण होता. ओले कापड ठेवल्यावर तो बुळबुळीत झाला आणि बोटाला चिकटू लागला. खळच होती ती, कोल्हापूरच्या साहेबांचा अंदाज अचूक ठरला. तो कण मूळच्या रेघेपासून बोटभर दूर होता, म्हणजे तिथे आणखी एक रेघ यायच्या बेतात होती. मूळ कण मी जून महिन्यातच नकळत पुसला होता. नंतर यंत्र तासभर चालू ठेवून कॅलिब्रेशन केले आणि पांढुरकी रेघ पूर्णपणे गेली.

रोलरांनी मला खरोखर लाज आणली. बाहेर पडण्याच्या बाजूचे मधले दोन रोलर काचेच्या बांगडीसारखे चकाकत होते. पाण्याच्या कापडावर तपकिरी थर आला, आणि अल्कोहोलच्या तिसऱ्या कापडानंतर रबर पुन्हा मंद दिसू लागला. सहा वर्षांत मी काच शेकडो वेळा पुसली असेल, रोलर एकदाही पुसले नव्हते.

फिल्म तयार करून स्कॅन केली. एक लहान ड्रॉइंग ९० अंशांत वळवूनही स्कॅन केले, तरी वाढ ओढण्याच्या दिशेलाच राहिली, म्हणजे दोष यंत्राचाच. १००४ मिलीमीटरची लांबी आता १००१.६ वर आली आहे. जोडांवरील सरकणेही कागदाच्या वरच्या बहुतेक भागात गेले आहे, खालच्या भागात मात्र अजून किंचित दिसते. संगणकावर थेट साठवू लागल्यापासून थबकणे थांबले. उरलेला १.६ मिलीमीटरचा फरक आता मेनूमधून दुरुस्त करावा का? आणि जून महिन्यापासून जे ४३ नकाशे मी ग्राहकांना दिले, त्यांच्या फाइल ठरावीक टक्क्यांनी आखूड करून पुन्हा देता येतील का?

प्रतिसाद ४: सेवा तंत्रज्ञ, पुणे

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच मोजणीत आहे. एकूण लांबी मोजू नका. फिल्मवरील दहाही चौकोन वेगवेगळे मोजा, आणि जून-जुलै महिन्यांतील चौकोन असलेली एखादी जुनी फाइल उघडून तिचेही तसेच मोजा. प्रत्येक चौकोनात सारखीच वाढ असेल, तर रोलर झिजून त्याचा व्यास कमी झाला आहे. तो फरक मेनूमधून दुरुस्त होतो आणि जुन्या फाइलही टक्क्यांनी आखूड करता येतात. वाढ कुठे कमी, कुठे जास्त असेल, तर ते निसटणे आहे. असमान ताणलेली प्रतिमा सर्वत्र सारखी आखूड केली, तर एकूण माप बरोबर येईल आणि आतील प्रत्येक माप चुकेल.

खालच्या भागात जोड अजून सरकतात असे आपण लिहिले आहे, म्हणून मला दुसरीच शक्यता जास्त वाटते. आपण पहिल्या पत्रात लिहिले होते की झडीमुळे यंत्र आत हलवले. त्याच्या मागे आता किती जागा आहे? बाहेर पडणाऱ्या कागदाचे टोक कुठे जाते, ते एकदा यंत्राच्या बाजूला उभे राहून पाहाल का?

पुन्हा प्रश्नकर्ता

पाहिले. यंत्राच्या मागे भिंत दोन फुटांवर आहे. कागदाचे टोक भिंतीला लागते, वर वळते आणि मग संपूर्ण कागद कमानीसारखा फुगून मागे रेटू लागतो. फिल्मवर पहिले सात चौकोन जवळपास अचूक आहेत आणि शेवटच्या तीनांत प्रत्येकी अर्धा मिलीमीटर वाढ आहे. जुलै महिन्यातील फाइलमध्ये पहिल्या सातांत प्रत्येकी ०.२ आणि शेवटच्या तीनांत प्रत्येकी सुमारे ०.९ मिलीमीटर वाढ निघाली. यंत्र टेबलासह चार फूट पुढे ओढले, मागे कागद झेलायला कापडी झोळी बांधली आणि पुन्हा स्कॅन केले: १०००.३ मिलीमीटर, दहाही चौकोनांत सारखे. जोड कुठेही दिसत नाहीत. मेनूमधील आकड्याला हात लावला नाही.

वाढ असमान होती, त्यामुळे जुन्या फाइल दुरुस्त करण्याचा विचार सोडला आहे. वहीतून ४३ नकाशांची यादी काढली. त्यांतील १७ कापडी गाव नकाशे आहेत, ते आधी घेणार आहे. आजपासून एकेकाला दूरध्वनी करून, आधीची फाइल मापासाठी वापरू नका असे सांगतो आहे आणि नकाशा पुन्हा आणून देण्याची विनंती करतो आहे. स्कॅनचे पैसे घेणार नाही. दोघे जण गुहागरहून येणार आहेत, त्यांचे नकाशे मी स्वतः जाऊन घेऊन येईन, कारण पावसात ते कापड गाडीवरून आणणे बरे नाही.